मोरीतून आलेलं सापाचं पिल्लू पाळता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्यात कारेलीबागेत राहणाऱ्या एका ताईंच्या घरी गेल्या आठवड्याच्या पावसात मोरीच्या जाळीतून वीत-दीड वीत लांबीचा साप वर आला. रंग काळपट तपकिरी, अंगावर पांढरे पट्टे. सातवीतल्या मुलानं तो झाडूनं प्लॅस्टिकच्या डब्यात लोटला, फोनवर चित्रं ताडून पाहिली आणि 'हा बिनविषारी कवड्या आहे' असं ठरवून टाकलं. त्याला आता चार दिवस झाले. दूध ठेवून पाहिलं, अंड्याचा बलक ठेवून पाहिला, साप कशालाही तोंड लावत नाही. मुलाचा जीव जडला आहे, नावसुद्धा ठेवून झालं आहे. ताई विचारतात की त्याला खायला काय द्यायचं, काचेची पेटी केवढी लागेल, आणि एवढासा साप घरात ठेवला तर चालतं का.

ताई, आधी एक काम करा. तो डबा कुणी उघडणार नाही एवढं पाहा. दूध बदलायला नाही, पाणी ठेवायला नाही, मित्रांना दाखवायला तर नाहीच. झाकणावर जाडसर पुस्तक ठेवा, डब्यावर सुती कापड टाका आणि ऊन लागणार नाही अशा कोपऱ्यात जमिनीवर ठेवा. आत हवा कमी पडेल ही धास्ती नको. सापाला आपल्यासारखा भराभर श्वास लागत नाही, आज संध्याकाळपर्यंत त्याला काही होणार नाही. मुलाला रागावू नका. त्यानं साप मारला नाही, मारू दिला नाही. आमच्या लहानपणी डांडिया बाजारात साप निघाला की आधी काठी शोधायचे, त्या मानानं तुमच्या घरातली ही गोष्ट फार मोठी आहे.

आता डबा का उघडायचा नाही, ते सांगतो. काळपट अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन साप आपल्याकडे घरात शिरतात. एक कवड्या, अगदी निरुपद्रवी. दुसरा मण्यार, ज्याला तुमचे गुजराती शेजारी काळोतरो म्हणतात. आपल्या देशातल्या सगळ्यांत जहाल विषाच्या सापांत त्याची गणना होते. मोठेपणी दोघांतला फरक सरावलेल्या डोळ्याला चटकन कळतो, पण पिल्लं एकमेकांच्या इतकी जवळ जातात की वर्षानुवर्षं साप सोडवत आलेला मीसुद्धा टॉर्च मारून दोनदा पाहतो. मण्यारीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हापासून त्याच्याकडे विष असतं आणि ते सोडायचे दातही असतात. 'एवढंसं आहे, काय करणार' हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

फरक पाहायचा तो असा. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे जाता जाता विरत जातात, पाठीमागचा भाग कित्येकदा साधा तपकिरी दिसतो. मण्यारीचं उलट आहे. तिचे पट्टे बारीक, दुधासारखे पांढरे, बहुतेक जोडीजोडीनं येणारे, आणि शेपटीच्या टोकापर्यंत स्पष्ट. कवड्याचं डोकं चपटं, पुढे पसरट, डोळे काळ्या मण्यांसारखे बाहेर आलेले, आणि मानेवर बहुधा एक पांढरट पिवळा पट्टा. मण्यारीचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, अंगाला निळसर काळी झाक आणि काचेसारखी चकाकी असते. पाठीच्या मधल्या कण्यावर षट्कोनी, इतरांपेक्षा मोठ्या खवल्यांची एक ओळ जाते, ही मण्यारीची पक्की खूण. कवड्या भिंतीवर सहज चढतो, फोटोच्या चौकटीमागे, दाराच्या बिजागरीच्या फटीत सापडतो. मण्यार सहसा जमिनीवरची.

हे सगळं वाचून मुलगा म्हणेल, मग मीच ओळखतो. ओळखू दे, पण पारदर्शक डब्याच्या बाहेरून. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे पुढच्या भागातही दिसतात, कात टाकायच्या आधी रंग मळकट होतो, डोळ्यांवर निळसर साय येते, आणि मग पुस्तकातली एकही खूण जागेवर राहत नाही. चार वर्षांपूर्वी मांजलपूरहून एका गृहस्थांनी मला असाच फोटो पाठवला होता. काचेच्या बरणीत साप, वर 'कवड्या आहे ना?' असा प्रश्न. फोटोत डोकं आणि मान दिसत होती, त्यावरून मीही जवळजवळ हो म्हणणार होतो. मग म्हटलं, शेपटी दाखवा. दुसरा फोटो आला, त्यात शेपटीच्या टोकापर्यंत दोन-दोनच्या जोडीनं पांढऱ्या रेघा. तोवर त्यांच्या धाकट्या मुलीनं ती बरणी दोन दिवस खेळण्यांच्या कपाटात ठेवली होती. मी स्कूटर काढून वीस मिनिटांत पोहोचलो, पण त्या वीस मिनिटांत माझ्या पोटात जो गोळा आला होता तो अजून आठवतो.

मण्यारीचा दंश फसवा असतो. दात सुईसारखे बारीक, दुखत नाही, सूज येत नाही, जखम दिसतसुद्धा नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावली तर त्याला जाग येईलच असं नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. लक्षणं दिसायला कित्येक तास जाऊ शकतात. म्हणून कुणाला चावलाच, आणि साप कोणता ते शंभर टक्के माहीत नसेल, तर तो विषारीच आहे असं धरून १०८ ला फोन करायचा आणि थेट सयाजी हॉस्पिटल गाठायचं. करकचून दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, साप पकडून बरोबर न्यायचा नाही. हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवायचा आणि निघायचं. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली कितीतरी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांवरचं प्रतिविष वेळेवर मिळतं तर वाचली असती.

समजा, तुमचा साप खरंच कवड्या निघाला. तरी तो घरात ठेवता येत नाही, आणि पहिलं कारण कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्याकडचे साप संरक्षित आहेत. साप पकडणं हेसुद्धा त्या कायद्याच्या भाषेत 'शिकार' या शब्दात येतं. रानातला प्राणी असा कुणाच्या ताब्यात आला तर तो सरकारी मालमत्ता धरला जातो आणि ४८ तासांत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवणं बंधनकारक असतं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे. मी तुम्हाला घाबरवत नाही. घरात शिरलेला साप डब्यात घालून मदत मागणाऱ्या आईवर कुणी खटला भरल्याचं मी पाहिलेलं नाही. पण पेटी आणून, दिवा लावून, नाव ठेवून तो पाळायला घेतला की गोष्ट वेगळी होते.

आणि हो, मुलानं त्याचा फोटो स्टेटसला ठेवला असेल तर आजच काढायला सांगा. मांडूळ, म्हणजे बोथट शेपटीमुळे दुतोंडी वाटणारा साप, विकत घेणाऱ्या, त्याला 'डबल इंजिन' म्हणून लाखांच्या गोष्टी सांगणाऱ्या लोकांचं लक्ष अशाच पोरांवर असतं. आज 'तुझ्याकडे साप आहे का' म्हणून गोड बोलतात, उद्या 'मांडूळ दिसलं तर सांग' म्हणतात.

तुमच्या मुलाच्या मनात पुण्या-मुंबईच्या कुणाचा तरी बॉल पायथन असणार. ते साप आफ्रिकेतले, पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली पैदास केलेले, त्यांना मेलेला उंदीर खायची सवय पहिल्या दिवसापासून लावलेली. त्यांच्यासाठीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मोरीतून आलेल्या सापाशी त्याची तुलना नको. एक पाळीव मांजर, दुसरं रानातलं बाऊल, म्हणजे रानमांजर, इतका फरक.

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडे येतो.

आठवीत असताना मीही कवड्या पाळला होता. आमच्या वाड्यात जिन्याखाली कॅलेंडरमागे सापडला, साधारण दीड वीत. आईची लोणच्याची काचेची बरणी रिकामी होती, तिच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडली, तळाशी माती घातली, एक फुटकं कौल ठेवलं, बाटलीच्या बुचात पाणी ठेवलं. मला वाटलं, राजवाडा झाला. दिवसभर तो कौलाखाली वेटोळं करून, डोकं वेटोळ्याच्या पोटात खुपसून पडायचा. दिवेलागण झाली की बाहेर यायचा आणि काचेला नाक लावून फिरायचा. झाकणाच्या कडेनं एक फेरी, मग खाली, मग परत वर, कोपरा नसलेल्या बरणीत कोपरा शोधत. मी सगळ्यांना सांगायचो, बघा कसा रमलाय, रात्री खेळतो. तो खेळत नव्हता, वाट शोधत होता. दहाएक दिवसांनी त्याच्या नाकपुडीवरचा खवला पांढरा पडला, नंतर तिथे लाल झालं. काचेवर रोज रात्री घासून घासून.

त्याचं खाणं पाल, हे मला ठाऊक होतं. एक छोटी पाल धरून बरणीत सोडली. पहिल्या दिवशी दोघं दोन टोकांना. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर पाल त्याच्या पाठीवर चढून बसली होती. शांतपणे, जणू फांदीवर बसावं तशी, आणि त्याच्या अंगाचा एक स्नायूही हलत नव्हता. ते दृश्य मी आजवर विसरलो नाही. रात्री छपरावर पालीचा माग काढणारा, झोपलेली पाल फटीतून ओढून काढणारा तो साप, आणि त्याच्या पाठीवर पाल बसलेली. मी पाल सोडून दिली, सापाला मात्र सोडलं नाही, कारण मला वाटत होतं की आज नाही तर उद्या खाईल. सदतिसाव्या दिवशी सकाळी तो उताणा पडलेला होता. उचलला तेव्हा कातडीला उभी सुरकुती पडत होती आणि ती परत सपाट होत नव्हती.

पुढे वर्षानुवर्षं साप सोडवायला लागलो तेव्हा कळलं की त्या बरणीत काय घडलं होतं. रानातला साप कोंडला की आधी त्याची भूक मरते. कवड्या वासानं शिकार शोधतो, अंधारात, अरुंद फटीत, दोन्ही कुशींना भिंत लागेल अशा जागी. उघड्या डब्यात सगळ्या बाजूंनी उजेड आणि आमचे डोळे असतात, तिथे तो फक्त लपायचा प्रयत्न करतो. शिवाय सापाला पचवायलासुद्धा अंगात ऊब लागते. ती तो घरातल्या पत्र्याखाली, विटेमागे, सकाळी इथे, दुपारी तिथे जाऊन मिळवतो. पेटीत ती निवड राहत नाही. आपल्या मे महिन्यात गॅलरीत ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा दहा-पंधरा मिनिटांत साप भाजून काढतो, आणि थंडीच्या रात्री त्याच डब्यात गिळलेलं अन्न पोटात सडतं. रानातल्या सापाच्या पोटात जंत असतात, खवल्यांत गोचिडीसारखे बारीक किडे असतात. बाहेर तो त्यांच्यासकट जगतो. उपाशी आणि भेदरलेला असला की तेच त्याला खातात. एखादा हौशी चिमट्यानं तोंड उघडून मांसाचा तुकडा कोंबतो. त्यानं नाजूक जबडा दुखावतो, तोंडात पू होतो, आणि गिळलेलं बहुतेक वेळा उलटून पडतं.

यात सगळ्यांत वाईट म्हणजे हे सगळं फार सावकाश होतं. कुत्रं उपाशी असलं तर केकाटतं, साप महिना महिना काही न खाता तसाच दिसतो. घरचे म्हणतात, ठीक आहे की. आणि मग एक दिवस नसतो.

दुधाबद्दल दोन शब्द. दूध हे सापाचं अन्न नाही, त्याला ते पचत नाही. नागपंचमीला मदारी ज्या नागाला दूध पाजतात तो कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असतो, दात तोडलेले असतात, कधी तोंड शिवलेलंही असतं. तो पाणी समजून पितो आणि त्यातच जातो. बडोद्यात आपण मराठी मंडळी श्रावण शुद्ध पंचमीला पूजा करतो, शेजारचे गुजराती वद्य पंचमीला, म्हणजे मला दरवर्षी दोनदा हे सांगत फिरावं लागतं. तुमच्या डब्यातलं दूध सांडून सापाच्या अंगाला लागलं असेल तर काही करू नका, पुसायलाही जाऊ नका.

जाता जाता, मोरीतून येणारं प्रत्येक 'पिल्लू' पिल्लू नसतं. पावसात चकचकीत काळसर, गांडुळाएवढा, डोकं कुठे नि शेपूट कुठे ते न कळणारा साप निघतो, तो वाळा. तो पूर्ण वाढलेलाच असतो, वाळवी आणि मुंग्यांची अंडी खातो, कुंडीच्या मातीतून घरोघर जातो. या जातीत फक्त माद्या असतात आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. हातावर घेतला तरी चावू शकत नाही. पण त्याला खायला वाळवीची अंडी कुठून आणणार? कुंडीत सोडून द्यावा, तिथेच तो सुखी.

आता तुमच्या डब्याचं काय करायचं ते. आधी ओळख पटू दे. मण्यार निघाली तर सर्पमित्र येऊन नेईल, तुम्ही हात लावायचा नाही. कवड्या असेल तर आजच्या आज, अंधार पडता पडता, तुमच्याच सोसायटीच्या आवारात सोडायचा. कंपाउंडच्या भिंतीच्या भेगा, विटांचा ढीग, जुन्या कुंड्या, अशी जागा निवडायची. मोठ्या माणसानं बूट घालून जायचं, डबा जमिनीवर आडवा करायचा, लांब काठीनं झाकण सरकवायचं आणि आठ-दहा पावलं मागे येऊन थांबायचं. ढोसायचं नाही, टॉर्च तोंडावर मारायचा नाही. तो आपापला निघेल.

लोक मला आग्रह करतात, जांबुघोड्याच्या जंगलात सोडा, पावागढला सोडा, निदान विश्वामित्री नदीच्या कोतरांत तरी. भावना चांगली असते, पण सापाचं नुकसान होतं. त्याला आपल्या दोनशे पावलांच्या जगातली प्रत्येक फट माहीत असते, पाणी कुठे, पाली कुठे, मांजर कुठून येतं. अनोळखी जंगलात टाकला की तो भटकत राहतो, रस्त्यावर येतो, चिरडला जातो नाहीतर दुसऱ्याच्या तोंडी पडतो. २०१९ आणि २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्याबरोबर आलेले साप आम्ही शेकड्यांनी नाही सोडवले, पण जेवढे सोडवले ते पाणी ओसरल्यावर त्याच त्या भागात परत नेले.

'परत घरात आला तर?' येईल कदाचित, पाली आहेत तोवर. मोरीला बारीक जाळी बसवा, दाराखालची फट बंद करा, भिंतीला लागून रद्दीचे ढीग ठेवू नका. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण घालत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यारीपासून वाचायचा याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. डबा हाताळलेल्या सगळ्यांनी साबणानं हात धुवा, सापाच्या विष्ठेतून पोटाचे आजार होतात. तो डबा परत स्वयंपाकघरात घेऊ नका.

मुलाचं मात्र नुसतं 'सोड म्हटलं ना, सोड' असं करू नका. त्याला एक वही द्या. तारीख, वेळ, पाऊस होता का, साप कुठून आला, किती लांब, पट्टे कसे, हे त्यानं आजच लिहून काढावं, चित्रासकट. सोडताना तुमच्या शेजारी उभा राहू दे, कुठल्या भेगेत गेला ते त्याला बघू दे. पुढचे काही आठवडे रात्री जेवण झाल्यावर त्या भिंतीवर लांबून टॉर्च फिरवली तर पाल, बेडूक, विंचू, आणि नशीब असेल तर तोच कवड्या दिसेल, शिकार करताना. बरणीत ठेवून मला सदतीस दिवसांत जे दिसलं नाही ते त्याला एका रात्री दिसेल. रविवारी सयाजीबागेत घेऊन जा, प्राणिसंग्रहालयात साप आणि मगरी, आणि तिथल्याच म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा. काळाघोड्याच्या पुलावरून विश्वामित्रीतल्या मगरी बघत उभी राहणारी पोरं मी पुढे प्राणिशास्त्र शिकताना पाहिली आहेत. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला साप सोडवायला शिकायचं असेल तर अनुभवी माणसाबरोबर आणि वनखात्याला कळवून शिकता येईल. तोवर हात नाही, फक्त डोळे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत डोकं आणि मान दिसते, मागचा अर्धा भाग टिश्यू पेपरखाली आहे. डबा न उघडता, खालून किंवा बाजूनं, शेपटीच्या टोकापर्यंतचा फोटो लगेच पाठवा. त्यावरून कळलं नाही तर सहानंतर मी स्वतः येतो.